बृहत्कायोसॉरस: जगातला सर्वांत मोठा डायनासोर खरंच तमिळनाडूत होता का?

दोन मीटर लांबीचं नडगीचं हाड. म्हणजे फक्त गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, तोसुद्धा चांगल्या उंच माणसापेक्षा मोठा. ज्या प्राण्याची नडगीच एवढी, तो प्राणी केवढा असेल?

असं एक हाड तमिळनाडूतल्या एका गावाजवळ सापडल्याची नोंद आहे. ज्या प्राण्याचं ते होतं त्याला नाव मिळालं बृहत्कायोसॉरस. सोशल मीडियावर अधूनमधून त्याची पोस्ट फिरते: 'पृथ्वीवरचा सर्वांत मोठा डायनासोर भारतात होता', 'निळ्या देवमाशापेक्षाही जड'. सोबत एक भलामोठा, लांब मानेचा प्राणी आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढा माणूस असं चित्र असतं. पोस्ट हजारोंनी शेअर होते.

पण त्या पोस्टमध्ये एक गोष्ट सहसा नसते. ते हाड आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात नाही. बृहत्कायोसॉरसचं एकही मूळ हाड आज अभ्यासाला उपलब्ध नाही. मग त्याचं वजन कुणी आणि कशावरून काढलं? हा प्राणी खरा की कल्पना? आणि 'सर्वांत मोठा' हा दावा कितपत टिकतो?

ओळख थोडक्यात

- पूर्ण शास्त्रीय नाव: बृहत्कायोसॉरस मॅटलेयी
- ठिकाण: कल्लमेडू गावाचा परिसर, तमिळनाडू (तेव्हाचा तिरुचिरापल्ली, आताचा अरियलूर जिल्हा)
- काळ: सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या अगदी शेवटी
- गट: लांब मानेचे शाकाहारी डायनासोर, म्हणजे सॉरोपॉड, त्यातही बहुधा टायटनोसॉर
- पुरावा: कमरेची, पायांची आणि शेपटीची मोजकी हाडं, आता सगळी नष्ट

नाव कुठून आलं?

डायनासोरांची नावं बहुतेक ग्रीक-लॅटिन असतात. हे नाव मात्र मराठी माणसाला लगेच समजेल. 'बृहत्' म्हणजे प्रचंड, 'काय' म्हणजे शरीर आणि 'सॉरस' म्हणजे ग्रीक भाषेत सरडा. थोडक्यात, 'प्रचंड देहाचा सरडा'.

नावाचा दुसरा भाग चार्ल्स मॅटली या ब्रिटिश भूवैज्ञानिकाच्या स्मरणार्थ आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅटलीने जबलपूरच्या परिसरात डायनासोरांवर मोठं काम केलं. तिरुचिरापल्ली भागातल्या डायनासोरांवरही त्याने १९२९ साली शोधनिबंध लिहिला होता. म्हणजे या भागात डायनासोरांची हाडं आहेत हे अभ्यासकांना आधीपासून ठाऊक होतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पी. यादगिरी आणि कृष्णन अय्यासामी या दोन शास्त्रज्ञांनी या डायनासोरचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या निबंधावर साल १९८७ आहे, पण ज्या खंडात तो आला तो प्रत्यक्षात १९८९ मध्ये छापून झाला. म्हणून काही ठिकाणी १९८७ दिसतं, काही ठिकाणी १९८९.

नेमकं काय सापडलं होतं?

यादी छोटी आहे. कमरेच्या हाडांचे भाग, मांडीच्या हाडाचा तुकडा, नडगीचं हाड, पुढच्या पायाचं एक हाड आणि शेपटीचा एक अपुरा मणका. बस्स.

नोंदवलेली मापं मात्र थक्क करणारी होती. नडगीचं हाड २ मीटर. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक ७५ सेंटिमीटर रुंद. टायटनोसॉरांमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक मानला जाणारा अर्जेंटिनोसॉरस घ्या. त्याच्या पायाच्या याच भागातलं हाड १.५५ मीटर भरतं.

आता काय सापडलं नव्हतं ते पाहा. कवटी नाही. दात नाही. बरगडी नाही. आणि गंमत म्हणजे मानेचा एकही मणका नाही. ज्या प्राण्याची चित्रं उंचच उंच मान दाखवतात, त्याच्या मानेचं एकही हाड कुणी पाहिलेलं नाही. चित्रातली मान त्याच्या नातेवाइकांकडून उसनी घेतलेली आहे.

यात फसवणूक नाही. जीवाश्मांचा अभ्यास बहुतेक वेळा असाच चालतो. अख्खा सांगाडा मिळणं हा नशिबाचा भाग. एरवी शितावरून भाताची परीक्षा करावी लागते. अडचण तेव्हा होते, जेव्हा शितही हातात राहत नाही.

आधी मांसाहारी, मग शाकाहारी!

बृहत्कायोसॉरसची पहिली ओळखच चुकली होती. मूळ निबंधात त्याला कार्नोसॉर, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या मोठ्या मांसाहारी डायनासोरांच्या गटात टाकलं होतं. हे खरं असतं तर तो टायरॅनोसॉरसला कितीतरी मागे टाकणारा, जगातला सर्वांत मोठा शिकारी प्राणी ठरला असता.

१९९० च्या दशकात शंकर चटर्जी या पुराजीवशास्त्रज्ञांनी लक्ष वेधलं की ही हाडं मांसाहारी प्राण्याची नसून सॉरोपॉडची असावीत. पुढे इतर अभ्यासकांनीही तेच मानलं. पायाचं एवढं जाडजूड हाड चार पायांवर चालणाऱ्या अवजड शाकाहारी प्राण्याशी जास्त जुळतं. आणि डायनासोर युगाच्या अखेरीस भारतात जे सॉरोपॉड उरले होते, ते टायटनोसॉर गटातलेच होते. म्हणून बृहत्कायोसॉरसही टायटनोसॉर असावा, असा अंदाज बांधला गेला.

प्राणी तोच, हाडं तीच, पण शिकारी एकदम झाडपाला खाणारा झाला. अपुऱ्या हाडांवरून काढलेला निष्कर्ष किती सहज उलटू शकतो, ते यावरून कळतं.

हाडं गेली कुठे?

इथे या गोष्टीला खरं वळण लागतं.

कल्लमेडूच्या परिसरातले खडक हे सात कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी वाहून आणलेली वाळू आणि चिकणमाती यांचे आहेत. अशा थरांतली हाडं अनेकदा ठिसूळ असतात. जमिनीत असतात तोवर आजूबाजूच्या मातीचा आधार असतो. उघडी पडली की ऊन, वारा आणि पाऊस यांच्यापुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

जीवाश्म बाहेर काढण्याची एक पद्धत असते. आधी हाडावर चिकट द्रव सोडून ते घट्ट करतात. मग कागदाचा थर देतात. त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट गुंडाळतात. मोडलेल्या पायाला घालतात तसंच प्लास्टर. ते सुकलं की आजूबाजूच्या मातीसकट सगळा गोळा उचलून प्रयोगशाळेत नेतात आणि तिथे सावकाश उघडतात.

हाड आधीच आतून भुसभुशीत झालं असेल तर प्लास्टरही पुरत नाही. बृहत्कायोसॉरसचं तेच झालं. पावसाळी हवेत ही हाडं प्लास्टरच्या आतच ढासळली आणि त्यांचा भुगा झाला. ती अभ्यासासाठी टिकलीच नाहीत, हे २०१७ साली स्वतः अय्यासामी यांचा सहभाग असलेल्या एका शोधनिबंधातून स्पष्ट झालं.

म्हणजे साधारण तीस वर्षं जगभरचे अभ्यासक ज्या हाडांबद्दल वाद घालत होते, ती हाडं जागेवर नव्हतीच.

ती हाडं होती की झाडाचं खोड?

मूळ निबंधात वर्णन त्रोटक होतं, सोबत मोजकी रेखाटनं होती. हाडं बघायला मिळत नाहीत, फोटो नाहीत, आणि माप तर अविश्वसनीय. मग शंका येणं साहजिकच. काहींनी विचारलं, हे नडगीचं हाड नसून दगड झालेलं झाडाचं खोड तर नव्हतं?

प्रश्न वाटतो तितका हास्यास्पद नाही. या भागात दगड झालेली खोडं भरपूर मिळतात. जवळच्या पेरंबलूर जिल्ह्यात सातनूर इथे असंच एक अश्मीभूत खोड जपून ठेवलंय, ते तब्बल १८ मीटर लांब आहे. उलटी चूकही झालेली आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९९४ साली सॉरोपोसायडन या लांब मानेच्या डायनासोरचे मानेचे मणके सापडले. ते इतके मोठे होते की सुरुवातीला त्यांना झाडाची खोडं समजलं गेलं.

एरवी हा वाद मिटवणं सोपं असतं. हाडाचा एक पातळ काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. हाडाची रचना वेगळी, लाकडाची वेगळी. त्यावरून उत्तर मिळतं. पण काप घ्यायला हाड तर हवं!

२०२२: जुने फोटो बाहेर आले

या प्रकरणात पुढचा महत्त्वाचा टप्पा आला २०२२ साली. सौरभ पाल आणि कृष्णन अय्यासामी यांनी एका भूशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो 'कावेरीचा हरवलेला महाकाय'. लेखासोबत त्या जुन्या उत्खननाचे, आधी कधीच प्रसिद्ध न झालेले फोटो होते.

या फोटोंमुळे दोन गोष्टी झाल्या. एक, कल्लमेडूला खरोखरच अवाढव्य हाडं निघाली होती, या म्हणण्याला बळ मिळालं. दोन, तो प्राणी टायटनोसॉर असल्याचं मत आणखी पक्कं झालं. झाडाच्या खोडाची शंका बरीच मागे पडली.

फोटोंनी सगळे प्रश्न मात्र सुटले नाहीत. फोटोवरून हाडाचा आकार दिसतो, त्याची जाडी सर्व बाजूंनी मोजता येत नाही. हाड मूळचंच एवढं होतं की जमिनीच्या दाबाने चेपून पसरलं होतं, हे ठरवता येत नाही. तुकडे जोडताना मधली भेग किती धरली, हेही तपासता येत नाही.

११० टन की १७० टन? वजन काढतात कसं?

२०२३ मध्ये ग्रेगरी पॉल आणि आसियर लारामेंडी या अभ्यासकांनी बृहत्कायोसॉरसच्या वजनाचा नवा अंदाज मांडला: ११० ते १७० टन. त्यांच्या मते ११० ते १३० टन हा त्यातला जास्त सावध आकडा. जगातले सर्वांत मोठे जमिनीवरचे प्राणी मोठ्या देवमाशांच्या तोडीचे असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. 'निळ्या देवमाशाएवढा डायनासोर' या पोस्ट त्यानंतर जोरात पसरल्या. त्याआधी इंटरनेटवर पावणेदोनशे ते सव्वादोनशे टनांच्या दरम्यानचे आकडेही फिरत होते.

तुलनेसाठी, आफ्रिकन हत्तीचा मोठा नर साधारण ६ टनांचा असतो. ११० टन म्हणजे असे अठरा हत्ती.

आता एकाच प्राण्यासाठी ११० आणि १७० इतका फरक का? यामागचं गणित साधं आहे, आणि ते कळलं की अशा बातम्या वाचण्याची नजरच बदलते.

एखादा प्राणी लांबीने दुप्पट झाला तर वजनाने दुप्पट होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी तो वाढतो. म्हणून वजन होतं दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट.

समजा, अर्जेंटिनोसॉरस ७० टनांचा धरला आणि दोघांची ठेवण सारखी मानली. त्याचं हाड १.५५ मीटर, बृहत्कायोसॉरसचं २ मीटर. लांबीत फरक सुमारे १.२९ पट. तीन वेळा गुणलं की वजनात २.१५ पट. उत्तर आलं १५० टन.

आता समजा, तुकडे जोडताना मापात फक्त २० सेंटिमीटरची चूक झाली आणि हाड खरं तर १.८ मीटर होतं. हाच हिशेब पुन्हा केला तर उत्तर येतं साधारण ११० टन. एका वीतभर चुकीने चाळीस टन, म्हणजे सहा-सात हत्ती गायब!

आणखी एक गोम आहे. तुलनेसाठी वापरलेलं अर्जेंटिनोसॉरसचं हाडही सुरुवातीला नडगीचं समजलं गेलं होतं. नंतरच्या अभ्यासात ते नडगीला जोडून असणारं बारीक हाड ठरलं. म्हणजे मोजपट्टीसुद्धा वादात. शिवाय वजनासाठी हाडाच्या लांबीपेक्षा मांडीच्या आणि दंडाच्या हाडांचा घेर जास्त भरवशाचा मानतात, कारण शरीराचा भार तो घेर पेलतो. बृहत्कायोसॉरसचा असा पूर्ण घेर आता मोजता येत नाही.

असंच एक प्रकरण अमेरिकेतलं

मोठा प्राणी, ठिसूळ हाड आणि हरवलेला पुरावा ही गोष्ट फक्त भारतातली नाही.

१८७८ साली एडवर्ड कोप या अमेरिकी शास्त्रज्ञाने कोलोरॅडोतून आलेल्या एका मणक्याचं वर्णन केलं. मणका अपुरा होता, तरीही दीड मीटर उंच. तो इतका नाजूक होता की कोपने प्राण्याच्या नावातच 'अतिशय ठिसूळ' या अर्थाचा लॅटिन शब्द घातला. पुढे कोपचा संग्रह न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडे गेला, तेव्हा हा मणका त्यात सापडला नाही. मागे उरलं एक रेखाचित्र आणि काही मापं.

त्या एका चित्रावरून २००६ मध्ये या प्राण्याची लांबी ५८ मीटर काढली गेली. २०१८ मध्ये त्याच अभ्यासकाने, केनेथ कारपेंटर यांनी, चित्र पुन्हा तपासलं. त्यांना वाटलं, हा प्राणी वेगळ्याच कुळातला असावा, ज्या कुळात मणके उंच पण शरीर तुलनेने आखूड असतं. नवी लांबी आली सुमारे ३० ते ३२ मीटर. प्राण्याला नावही नवीन मिळालं: मारापुनीसॉरस.

चित्र तेच, शास्त्रज्ञ तोच, आणि प्राणी जवळजवळ निम्मा झाला. बृहत्कायोसॉरसच्या आकड्यांकडे याच सावधपणे बघायला हवं.

हरवलेलं कधी कधी सापडतंही

भारतातल्या पहिल्या डायनासोरची कथा मात्र थोडी सुखाची आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमनला १८२८ साली जबलपूरजवळ शेपटीचे काही मणके सापडले. ते कोलकात्याला पोचले. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यावरून टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. आज जगभर ज्या गटाला टायटनोसॉर म्हणतात, त्याचं नाव या जबलपूरच्या प्राण्यावरून आलं आहे.

पुढे हे मणके कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना. मग २०१२ साली धनंजय मोहबे, जेफ्री विल्सन आणि सुभाशिष सेन यांनी कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात शोध घेतला, आणि स्लीमनला मिळालेला मणका तिथेच निघाला. तो दगडासारखा टणक होता आणि कुणीतरी कपाटात जपून ठेवला होता, म्हणून जवळपास दोनशे वर्षांनीही हातात आला.

महाराष्ट्राचाही इथे मोठा वाटा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव इथे एका टायटनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं इसिसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हे नाव घेतलं आहे. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, हे त्यावरून जगाला कळलं.

इसिसॉरस काही जगातला सर्वांत मोठा नव्हता. पण त्याची हाडं आहेत. ज्याला शंका असेल तो जाऊन मोजू शकतो.

एवढा मोठा प्राणी चालू तरी शकेल का?

सॉरोपॉड मुळात एवढे मोठे कसे झाले, याची उत्तरं बरीच मिळाली आहेत. त्यांचं डोकं शरीराच्या मानाने लहान होतं. ते अन्न चावत बसत नसत. पाला ओरबाडायचा आणि गिळायचा, बाकीचं काम पोटात. त्यामुळे लांब मानेला जड जबड्याचं ओझं नव्हतं. मणक्यांमध्ये हवेच्या पोकळ्या होत्या, आजच्या पक्ष्यांच्या हाडांत असतात तशा. म्हणून मान लांब असूनही हलकी राहायची.

शिवाय ते अंडी घालत. नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशात, टायटनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. एवढ्याशा अंड्यातून निघालेलं पिल्लू पुढे कित्येक टनांचं होत असे.

१०० टनांच्या पुढचा प्राणी अशक्य आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ज्या टायटनोसॉरांची भरपूर हाडं मिळाली आहेत, त्यांची वजनं त्याच्या बरीच खाली येतात. अर्जेंटिनातल्या पॅटागोटायटनची किमान सहा प्राण्यांची हाडं मिळाली. २०१७ मध्ये त्याचं वजन ६९ टन सांगितलं गेलं, नंतर २०२० मधला अंदाज ५७ टनांवर आला. हाडं जास्त मिळाली तरी आकडा डळमळतो. मग हाडंच नसतील तर काय?

मग नक्की काय म्हणता येईल?

तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गोंधळ उरत नाही.

बऱ्यापैकी खात्रीने: तमिळनाडूच्या कल्लमेडू परिसरात सात कोटी वर्षांपूर्वी लांब मानेचे शाकाहारी डायनासोर होते, आणि तिथे अतिशय मोठी हाडं खोदून काढली गेली.

शक्य आहे, पण सिद्ध नाही: त्यातला एक प्राणी अर्जेंटिनोसॉरसपेक्षाही मोठा होता.

आज सांगताच येत नाही: त्याचं नेमकं वजन, त्याची लांबी, त्याच्या मानेची ठेवण, आणि तो खरोखर स्वतंत्र जातीचा होता की नाही.

म्हणून 'जगातला सर्वांत मोठा डायनासोर भारतात होता' हे वाक्य खोटं म्हणून उडवता येत नाही आणि खरं म्हणून मिरवताही येत नाही. ते अजून तपासायचं राहिलेलं वाक्य आहे.

कल्लमेडूचे खडक मात्र जागेवरच आहेत. २०१३ मध्ये याच थरांतून ट्रूडॉन्टिड या लहान डायनासोरांच्या गटातला एक बारीकसा दात मिळाल्याची नोंद झाली. त्याच वर्षी मादागास्करमधल्या मगरीच्या एका प्राचीन नातेवाइकाशी जुळणारे अवशेषही तिथून जाहीर झाले. भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते, त्याची ही खूण. दात चिमुकला, पण तो जपलेला आहे. उद्या कुणाला त्याच्याबद्दल शंका आली तर तो सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा ठेवता येईल. दोन मीटरच्या हाडाबाबत ते शक्य नाही, आणि म्हणून आज विज्ञानाला तो दात जास्त उपयोगी आहे.

पुढच्या वेळी अशी पोस्ट दिसली तर

'सर्वांत मोठा', 'सर्वांत जुना' अशी बातमी शेअर करण्याआधी चार प्रश्न विचारा.

१. नेमकी किती आणि कुठली हाडं मिळाली? एक मणका की अर्धा सांगाडा?

२. ती हाडं आज कुठे आहेत? दुसरा कुणी जाऊन तपासू शकतो का?

३. आकडा एकच दिलाय की 'इतके ते इतके' असा? खरा अभ्यास सहसा दोन टोकं देतो, पोस्टमध्ये त्यातलं मोठं टोकच उरतं.

४. चित्रातला किती भाग सापडलेला आहे आणि किती भाग नातेवाइकांवरून भरलेला आहे?

आणि शेत नांगरताना, विहीर खोदताना किंवा डोंगरात फिरताना हाडासारखा दिसणारा दगड सापडला तर तो उपटून घरी नेऊ नका. फोटो काढा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. जागा नोंदवून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. हाड कुठल्या थरात, कसं पडलं होतं, ही माहिती हाडाइतकीच मोलाची असते. ते ठिसूळ असेल तर उपटताक्षणी चुरा होईल, आणि मग मागे बृहत्कायोसॉरससारखं फक्त नाव उरेल.